कोणती दाढ?

घोरणाऱ्या सासूबाई अजून कॉम्प्युटरवरच होत्या. लेखकाने दोनदा पाहिलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. म्हणजे मंगळवारी साप्ताहिकाला त्यांच्यावरच्या गाऱ्हाण्याऐवजी भलताच मजकूर गेला होता, आणि आज होता गुरुवार.

मागेल त्याला मागेल ते घरी बसून लिहून द्यायचं, हा त्याचा उद्योग. मिक्सरची माहितीपत्रकं, साहेबलोकांच्या निरोपाची भाषणं, गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. एकट्या माणसाच्या कामात चुका काढायलाही कोणी नसतं, त्यामुळे घोटाळे व्हायचेच. एकदा निरोपाच्या भाषणात मिक्सरचा परिच्छेद शिरला आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांना भर सभेत दोन वर्षांची गॅरंटी मिळाली. ते हसण्यावारी गेलं. हे जाणार नव्हतं.

साप्ताहिकात ‘काकूंना विचारा’ हे सदर चालायचं. वाचकांनी आपलं दुःख कळवायचं, काकूंनी सल्ला द्यायचा. हळूहळू वाचक कळवेनासे झाले. मग संपादकबाईंनी दुःखं लिहायचं काम गुपचूप याच्याकडे दिलं. तीन वर्षं तो दर आठवड्याला एक ताजं दुःख पाठवत होता. कधी त्रस्त सून, कधी काळजीत पडलेला बाप. एकदा गफलत झाली. जानेवारीत लग्न जमत नाही म्हणून रडणारी मुलगी मार्चमध्ये जुळी घेऊन हजर झाली. काकूंनी उत्तर दिलं, “बाळ, एवढी घाई बरी नव्हे.” ते वाचून तो रिकाम्या खोलीत एकटाच खो खो हसला होता.

शुक्रवारी अंक हातात आला की तो आधी तेच पान उघडायचा. प्रश्न त्याचेच, साफ खोटे. पण उत्तरातली ‘बाळ’ ही हाक त्याला खरी वाटायची. पन्नाशीच्या माणसाला बाळ म्हणणारं दुसरं होतं कोण? आपली लबाडी काकूंना कळली तर ती हाक बंद होईल, एवढीच त्याला धास्ती होती.

आणि आता सगळं मुसळ केरात. रोज सकाळी हात मोकळा करायला तो मनात येईल ते चार ओळींत लिहायचा आणि लगेच पुसून टाकायचा. मंगळवारी पुसायचं राहिलं, आणि नेमकं तेच गेलं:

“चार दिवसांत मी एकाच माणसाशी बोललो. काल दुपारी फोन आला. घोगऱ्या आवाजात कोणीतरी विचारलं, दातांचा दवाखाना का? रॉंग नंबर म्हणायचं सोडून मी म्हणालो, हो, बोला, कोणती दाढ? अकरा मिनिटं आम्ही त्या दाढेवर बोललो. उजवीकडची, खालची, गार पाणी लागलं की ठणकते. मी त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. पाच वाजता या, म्हणालो. ते बरं म्हणाले. पत्ता त्यांनी विचारला नाही, मी दिला नाही. बिचाऱ्यांची दाढ अजून ठणकत असेल. कोणीतरी बोलत राहावं म्हणून मी दुखणाईत माणसाला फसवलं. मी वाईट आहे का?”

त्याने संपादकबाईंना फोन लावला.

“बाई, या वेळचा प्रश्न परत द्या. चुकून गेलाय.”

“अहो, पान छापून झालं! तुमचं मी कुठे वाचत बसते? आलं की सरळ पुढे ढकलते. उत्तरसुद्धा आलं. एरवी पानभर लिहितात, या वेळी जेमतेम एक ओळ. उरलेल्या जागेत मला जाहिरात टाकावी लागली.”

“काकू चिडल्या का हो?”

“काकू कसल्या डोंबलाच्या! तुमच्यासारखेच घरी बसून लिहिणारे एक गृहस्थ आहेत. एकटेच असतात.”

“गृहस्थ?” त्याने विचारलं.

“आणि सगळे प्रश्न एकाच माणसाचे आहेत, हे त्यांनी केव्हाच ओळखलंय,” बाई म्हणाल्या. “शनिवारी तुमचा नंबर घेतला माझ्याकडून. म्हणाले, त्या माणसाशी एकदा बोलायचंय. केला नाही फोन?”

“नाही,” तो म्हणाला.

दिवसभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही. काकू गेल्या, त्यांचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते दुसरंच. त्या गृहस्थांनी नंबर घेतला आणि फोन केलाच नाही. बरोबरच आहे, त्याने स्वतःला सांगितलं, खोटारड्याशी कोण कशाला बोलेल? त्या रात्री तो न जेवताच झोपला.

शुक्रवारी सकाळी पेपरवाल्याकडून अंक घेऊन तो तिथेच, रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पान उघडायचा धीर होईना. शेवटी उघडलं. खाली गुडघ्याच्या तेलाची मोठी जाहिरात होती, त्यानेच लिहिलेली. वर त्याचा प्रश्न होता, काना-मात्रा न बदलता. आणि दोहोंच्या मधे, ठळक अक्षरात, काकूंचं उत्तर:

“बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. माझी दाढ दुखत नव्हती.”