खातरजमा

"सोनार सोनं कसाला लावतो ना? तसं सगळं कसाला लावून बघा," पास्टर हेमराज म्हणाले. "मी सांगतो म्हणून मानू नका. विश्वासात वाढायचं असेल तर पारख करायला शिका."

पर्वत पाटिया नाक्याजवळच्या त्या इमारतीत खाली साड्यांच्या घड्या घालण्याचं काम चाले आणि रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर मराठी मंडळीची उपासना. सत्तर माणसं एका सुरात "आमेन" म्हणाली. पारख शिका म्हटल्यावर सुद्धा विचार न करता आमेन म्हणणारी सत्तर माणसं! गप्प राहिला तो एकटा भाईदास. त्याच्या मांडीला टेकून त्याची आठ वर्षांची मयुरी बसली होती.

मग हर्षदा साक्ष द्यायला उठली. एकोणीस वर्षांची पोर, लहानपणापासून फिट यायच्या. चार महिन्यांपूर्वी तिने प्रार्थना करून घेतली आणि आपल्या गोळ्या पुढच्या मेजावर, बायबलशेजारी ठेवून दिल्या. या मंडळीची ती रीत होती, आणि मेजावर ठेवलेलं औषध कुणी परत नेत नसे.

"चार महिने झाले, एक पण फिट नाही," हर्षदा म्हणाली आणि रडली. टाळ्यांनी छताचे पत्रे हलले. पहिल्या रांगेतल्या मंगलाबाईने डोळे पुसले. पोर बरी झाली म्हणूनच तर तिने आपल्या लेकासाठी, लखनसाठी ही मुलगी पसंत केली होती. येत्या शनिवारी साखरपुडा होता.

हर्षदाची आई पुष्पाबाई मागे दाराशी पेढ्यांचा डबा घेऊन उभी होती. पोर खोटं बोलत नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं. पुष्पाबाई सकाळ-संध्याकाळ लाटण्याखाली गोळी चिरडून तिच्या भाजीत कालवत होती. गोळ्या आणायला ती पार उधन्याच्या मेडिकलपर्यंत जायची, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. देवाचं नाव होतंय, लेकीचं भलं होतंय, कुणाचं काय बिघडलं, असं तिने मनाला समजावलं होतं. मन बिचारं समजलंही होतं.

उपासना संपली तसा भाईदास मयुरीचा हात धरून सरळ तिच्याकडे आला. त्याच्या खिशात मयुरीचं इन्सुलिनचं पेन होतं. दिवसातून चार वेळा त्या एवढ्याशा पोटाला सुई टोचायची. एक दिवस जरी चुकलं तरी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. महिनाभर सगळे त्याच्या मागे लागले होते, ठेव मेजावर. तो ठेवत नव्हता. भाईदास ताकही फुंकून पिणारा माणूस. हर्षदाच्या शेजारणींना विचारून आला, तिच्या कामावरच्या मुलींना विचारून आला. पास्टरांनी त्याला चारचौघांत अल्पविश्वासी म्हटलं, तरी तो हलला नाही. अख्ख्या मंडळीत डोकं ताळ्यावर ठेवून वागणारा हा एकच.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "पास्टर तं म्हनतीनच. पोर बी म्हनीन. मी तुमले इचारस, तुमी माय शेतस. चार महिनामा एक बी गोळी पोरना पोटमा गई का?"

मंगलाबाई चार पावलांवर उभी होती. तोंड दुसरीकडे, कान इकडे. हर्षदा तिच्या शेजारी हसत होती. इतकं मोकळं हसताना पुष्पाबाईने तिला कधी पाहिलं नव्हतं. मयुरी बापाच्या हाताला लोंबकळत पेढ्यांच्या डब्याकडे बघत होती.

फक्त 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पुष्पाबाईने मयुरीकडे बघायचं टाळलं.

"नही, भाऊ," ती म्हणाली. "एक बी नही."

भाईदासने केवढा तरी श्वास सोडला. "बस. माय खोटं बोलत नही."

तो मेजाकडे गेला. खिशातलं पेन काढून त्याने बायबलशेजारी ठेवलं. "घरना फ्रीजमा शे ते बी आज फेकी दिसू," तो मोठ्याने म्हणाला. पुन्हा टाळ्या झाल्या. पास्टरांनी त्याला मिठी मारली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा. याला म्हणतात पारख!"

भाईदास परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. मयुरीने त्याचा शर्ट ओढला.

"पप्पा, मी पण खाऊ?"

"खाय बेटा. द्या तिले, ताई. आते काय धाक शे?"

मयुरीने तळहात पुढे केला. सगळे कौतुकाने बघत होते. पुष्पाबाईने डबा उघडला. कितीतरी वेळ ती डब्यात चाचपत राहिली आणि शेवटी सगळ्यांत लहान पेढा शोधून तिने त्या हातावर ठेवला.

मयुरीने पेढ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मावशी, मोठा द्या ना."