शेवटच्या घरातली म्हातारी

डोळ्याचं ऑपरेशन झालेली आई, मालनबाई, खाटेवर बसून होती, पण ‘दिसतंय का गं तुला?’ एवढं विचारायची बुद्धी दोन दिवसांत काही उदयला झाली नाही. आज दुपारच्या गाडीनं तो परत निघणार होता. माळ्यावर लहानपणीच्या व्हिडिओ गेमची कॅसेट सापडल्यापासून मात्र त्याच्या तोंडाला खीळ नव्हती.

लेकीला जवळ घेऊन तो सांगत होता, “नुसती राक्षसांशी मारामारी नव्हे गं, सई. नव्या गावात गेलं की घरोघरी शिरायचं, माणसांशी बोलायचं. एका गावात शेवटच्या घरात म्हातारी होती. गेलं की आपलं गुडघ्यांचं रडगाणं. सगळी पोरं तिथूनच मागं फिरायची. मी पुन्हा गेलो, पुन्हा सगळं ऐकलं. तेव्हा तिनं तलवार काढून दिली.”

मालनबाईला ते दिवस आठवले. पोराचे हात खेळात गुंतलेले असायचे, म्हणून भाकरीचा घास ती त्याच्या तोंडात घालायची आणि आळीभर मिरवायची, ‘माझं लेकरू परक्या म्हातारीचंसुद्धा ऐकून घेतं.’

“आणि तिनं काहीच दिलं नसतं तर?” सईनं विचारलं.

“मग कशाला गेलो असतो?” उदय हसला.

मालनबाईनं पट्टीचा डोळा त्याच्याकडे वळवला.

“खरं बोललास. ताकापुरती आजी म्हणतात, ते हेच. माझ्या मडक्यातलं ताक कधीच संपलंय, लेका. ऊठ, गाडी चुकंल.”