दुधाचे डबे

फिदेलिया बाजारातून परतली, तेव्हा तिचा नवरा नाबोर बाळाला लस टोचायला घेऊन त्लाकोलुला गावाच्या गाडीत बसलाही होता. वाटेत पाजायची बाटली सासूबाईंनी करून दिली होती.

"तुझ्या त्या पावडरीच्या रोज गुठळ्या होतात," त्या करवादल्या. "आज तर हलवून हलवून हात भरून आले, तरी मेली विरघळेना."

फिदेलियाचं लक्ष फळीकडे गेलं. तिथे एकसारखे दोन डबे होते. पावडर संपली की सासूबाई डबा टाकत नसत; तोर्तियांसाठी, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांसाठी, मका शिजवताना घालायचा चुना त्यात भरून ठेवत.

"आई, बाटली कुठल्या डब्यातून केलीत?"

"दुधाच्या. आणखी कुठल्या?"

"दोन्ही दुधाचेच डबे आहेत, आई."

सासूबाईंचा हात थांबला. "काहीतरी बोलू नकोस. चुना मी मघाशीच मक्यात घातलाय."

फिदेलियानं नाबोरला फोन लावला. लागेना. परत लावला. मग तिनं चुलीवरच्या हंडीचं झाकण उचललं.



शिजणाऱ्या मक्याला दुधाचा गोड वास येत होता.