बोटाची दोन पेरं

"बोट आत घाला. चांगली दोन पेरं. घाबरताय काय, चावणार नाही ती माती!"

तात्यांनी कुंडीत बोट खुपसलं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचा. पण माती ओली की कोरडी, हे काही सांगता येईना.

"ओली," त्यांनी अंदाज ठोकला.

"मग पाणी नाही," बायको म्हणाली. "वरून कोरडं दिसलं म्हणून ओतत सुटायचं नाही. मुळं कुजतात."

झाड दोन महिन्यांपूर्वी बायकोनेच आणलं होतं. वडा-उंबराच्या भावकीतलं, पण घरात वाढणारं; एकेक पान ताटाएवढं. खिडकीशी ठेवून तिने जाहीर केलं, "हे तुमचं. मी फक्त सांगणार, हात लावणार नाही."

एरवी तात्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांना कारण ठाऊक होतं. त्याच आठवड्यात दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट आणायला नेहमीप्रमाणे ती एकटी गेली आणि लाल डोळ्यांनी परतली. संध्याकाळी ती फोनवर बहिणीला सांगत होती, "डॉक्टर सहा महिने म्हणतात गं. पण ह्यांना कळू द्यायचं नाही. ह्यांना झेपायचं नाही."

तात्या दाराआड होते. पाऊल न वाजवता ते मागे फिरले.

जाण्याआधी ती नवऱ्याला एकट्याने जगायला शिकवत होती, दुसरं काय? तिने लपवलं, तर आपणही लपवायचं. तात्यांनी काही ठाऊक नसल्याचं सोंग घेतलं आणि मन लावून शिकले. पानाखाली तळहात धरून ओल्या फडक्याने धूळ पुसायची. आठवड्याला कुंडी पाव फेरा वळवायची. जागा मात्र बदलायची नाही, नाहीतर झाड रुसतं आणि पानं टाकतं.

कुंडी वळवताना त्यांना दम लागे. झाड जोरात वाढत होतं ना! पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. काळजीने माणूस खंगतोच. बायको त्यांना आग्रहाने वाढायची आणि स्वतः चिमणीएवढं खायची. ते बघून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

एका सकाळी खालचं पान तपकिरी होऊन गळालं. हिला वाटणार, ह्या माणसाला एक झाड सांभाळता येत नाही, हा स्वतःला काय सांभाळणार?

"पाणी जास्त झालं," पान उचलत ती म्हणाली. ती रागावली नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

"शिकेन मी. तू काळजी करू नकोस."

"मी कुठे करतेय? शेंड्याकडे बघा, कोंब आलाय. महिन्याभरात पान उलगडेल. तुम्ही बघायचं हं ते." एवढं बोलून ती घाईघाईने स्वयंपाकघरात गेली.

तात्यांना राहवेना. दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन निघाले ते थेट डॉक्टरांकडे.

"बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाले. "मी बाईंना कधीचा सांगतोय, लपवू नका म्हणून."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हे तिला मात्र सांगू नका." तात्यांचा आवाज चिरकला. "डॉक्टर, काहीही करा, पण तिला वाचवा. झाड शिकलो, स्वयंपाकही शिकेन. पण तिच्याशिवाय मला नाही हो जमायचं."

डॉक्टर गोंधळले. "बाईंना काय झालंय? त्यांचे रिपोर्ट अगदी स्वच्छ आहेत."

"म्हणजे तिला काही नाही?"

"काहीही नाही."

तात्या मटकन खुर्चीत बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं कळेना, मग हसूच फुटलं.

"अतिशहाणा मी! अर्धवट ऐकून बसलो. मग ते सहा महिने कोणाचे हो?"

डॉक्टर हसले नाहीत.