पोटावरचा व्रण

कोरियातल्या बुसान शहरातल्या त्या सार्वजनिक स्नानगृहात मी संतापूनच शिरले. माझ्या आईला तिथली ओकबुन मावशी दर शनिवारी अंग घासून देते, आणि मी त्वचारोगतज्ज्ञ असूनही माझे कोणी ऐकत नाही.

"वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचं, हात हलका ठेवायचा, लाली दिसली की थांबायचं. कितीदा सांगू, मावशी?"

"तेच तर करते, डॉक्टरीणबाई." तिने हिरवा खरखरीत हातमोजा झटकला. मळाच्या राखाडी वळ्या फरशीवर पडल्या. "तुमच्या पुस्तकानं कधी कुणाची पाठ घासलीय?"

आई बाकावर उताणी पडली होती. लाली कुठेच नव्हती. पोटावरचा उभा व्रणही नव्हता; माझ्या जन्माच्या वेळच्या शस्त्रक्रियेचा.

"हे अशक्य आहे!" मी ओरडले. "घासून निघतो तो थर कागदाहून पातळ असतो. व्रण त्याच्या कितीतरी खाली असतो!"

"नीट भिजलं की सगळं निघतं."

मी पोट चाचपले. त्वचा सलग होती.

"आई, ऊठ. घरी चल!"

आईने अवघडून टॉवेल ओढून घेतला.

"केवढी चिडलीय ही!" ती मावशीला म्हणाली. "कुणाची गं मुलगी?"