खोलीतला आवाज

आई गेल्यापासून रहिमतपूरच्या घरात आण्णा एकटेच असतात. तिच्या आवडीच्या तेरा रेकॉर्डींच्या सीड्या करायच्या म्हणून मुलानं, जयराजनं, रेकॉर्ड प्लेअर लॅपटॉपला जोडून दिला, बटण दाखवलं आणि तो सांगलीला परतला.

महिन्यानं आण्णांचा फोन आला.

"झालं रं समदं रेकॉर्डिंग. कवा येतोस?"

"न्हाई जमत, आण्णा. पेन ड्राइव्ह सांगलीच्या एसटीत ड्रायव्हरकडं द्या. मी स्टँडवर घेतो."

पेन ड्राइव्ह आला. ऐकतो तर गाण्यांत नुसती खरखर, भांड्यांचे आवाज आणि मधेच कुणाचं तरी पुसट बोलणं. लॅपटॉपनं वायरीतून काही घेतलंच नव्हतं, आपल्या माइकवर सगळी खोली रेकॉर्ड केली होती. जयराजनं वैतागून फोन लावला.

"आण्णा, गाण्यात मधीमधी कोन बोलतंय?"

"कोन बोलनार? मी एकटाच तर हाय हितं."

त्यानं शेवटची फाइल लावली आणि आवाज वाढवला. गाणं संपलं, सुई तशीच घासत राहिली, आणि मागून आण्णांचा आवाज आला. ते आईशी बोलत होते.



"अंजना, ही शेवटची बघ. आता पोरगं न्यायला यील."