ढोबळेंची शाल

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने ढोबळेंना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. गिअर विभागातल्या बत्तीस वर्षांबद्दल टाळ्या झाल्या. काचेच्या फाटकापलीकडे त्यांची बायको सुमन रिक्षा थांबवून उभी होती.

साथ आली तेव्हा मालकांनी कामगारांना आतच ठेवून कारखान्याच्या हवेत औषध सोडलं. अकरा वर्षांत आत कोणी शिंकलं नाही, एकही पाळी बुडाली नाही. बाहेरचे लोक आजारी पडले, बरे झाले आणि आता त्या साथीला साधी सर्दी म्हणू लागले होते.

ढोबळेंनी फाटकाच्या यंत्रावर बोट टेकवलं. पडद्यावर आलं: स्वतःची प्रतिकारशक्ती शून्य.

"बाहेर गेलो तर?"

"चार दिवस," एचआरच्या नाडकर्णी मॅडम हळहळून म्हणाल्या. "आणि आत राहायचं तर कामगारच असावं लागतं. शिकाऊ म्हणून अर्ज भरून ठेवलाय. वयाची अट आम्ही शिथिल केलीय हं."

स्पीकरवर सुमनचा आवाज आला. "अहो, रिक्षावाला ओरडतोय. येताय ना?"

ढोबळेंनी मॅडमकडे पाहिलं. "हिला आत घेता येईल?"

"कँटीनमध्ये जागा आहे की!"

तेवढ्यात सुमनने पदराने नाक पुसलं.

"नाही जमणार," मॅडम म्हणाल्या.

ढोबळेंनी सही केली. "सुमन, रिक्षा सोड," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या खांद्यावरची शाल काढून नीट घडी घातली. सोमवारी ती साळुंख्यांना लागणार होती.